पाण्याला धरून बसलेलं मीठ

आमच्या ह्यांना जेवताना बोलायची सवय नव्हती, पण त्या हिवाळ्यात ते हरभऱ्यांशी बोलू लागले. साठचं दशक सरत आलं होतं. हे अमरावतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. बोटीनं महिनोन्‌महिने उशिरा येणाऱ्या एका परदेशी मासिकात त्यांनी वाचलं, की कोणीतरी मुकुटासारखा गोल रेणू तयार केलाय आणि तो पाण्यात विरघळलेल्या क्षारांतून हवा तो धातू निवडून आत घेतो. झालं! माझे भिजवलेले हरभरे तारेच्या कड्यात ओवले गेले. सहा हरभरे म्हणजे सहा ऑक्सिजन. मधोमध तुरीचा दाणा ठेवला की सोडियम, वाटाणा ठेवला की पोटॅशियम. उसळीला काही उरायचं नाही.

ते रसायन इथे मिळणार कुठून? म्हणून सगळा प्रयोग कागदावर. कोणता दाणा किती जोरानं आत ओढला जाईल, ते लॉगचे तक्ते घेऊन मांडायचं. मी गणित घेऊन इंटर झालेली, तेव्हा आकडेमोड माझ्या गळ्यात पडली. सुटीच्या दुपारी आम्ही बसायचो. एखादा आकडा चुकला की हे कोरा कागद घेऊन पहिल्यापासून सुरू करायचे. मी पेन्सिल आपटायचे. हा माणूस कंटाळत कसा नाही, याचा मला राग यायचा आणि अभिमानही वाटायचा.

माझं माहेर अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरीला पाणी भरपूर, पण खारं. बाबांचा भाजीपाला पावसाळ्यापुरता. हिवाळ्यात विहिरीचं पाणी दिलं की मेथी कडेकडेनं करपायची. मी एकदा बाबांजवळ या मुकुटाचं बोलले आणि त्यांनी गावभर करून टाकलं, की जावई पाण्यातलं मीठ काढणार.

शेवटी उत्तर निघालं. वाटाणा मुकुटात जायला राजी होता, तुरीचा दाणा नव्हता. सोडियम लहान, त्याला पाणी घट्ट धरून ठेवतं. ते पाणी सोडून आत यायला त्याला परवडत नव्हतं. आणि आमच्या विहिरीतलं मीठ तर सोडियमचंच. मी सगळी बेरीज पुन्हा केली. उत्तर हललं नाही.

"बाबांना नुसतं 'पाहू' म्हणा," मी अकोल्याच्या गाडीत ह्यांना बजावलं. "गावात शब्द देऊन बसलेत ते."

"'पाहू' म्हटलं तर ते मेथीचे वाफे करून बसतील," हे म्हणाले.

यावर मी अकोल्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.

अंगणात सतरंजी टाकलेली, गावातली माणसं जमलेली. बाबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "मंग जावईबापू, आपलं पानी गोड होईन ना?"

"नाही होणार, मामाजी," हे म्हणाले, आणि सतरंजीवरच तारेचं कडं अन् दाणे मांडून त्यांनी का नाही ते समजावलं. न अडखळता, कोणाला अडाणी न समजता. वर्गात कसे शिकवत असतील, ते मी त्या दिवशी पाहिलं.

"मंग आमाले कावून बलावलं?" कोणीतरी मागून बोललं. दोघं-तिघं हसले. बाबांचे कान लाल झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा उठले. दाराकडे तोंड करून त्यांनी आईला हाक मारली, "जावयाले पानी आन. आपल्या हिरीचं आन."

जावई आला की आई कोसभरावरून गोड्या पाण्याची घागर आणवायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांना आमच्या विहिरीचं पाणी कधी कोणी दिलं नव्हतं. आई दारातच थबकली. "अवो, जावई हायेत ते!"

"पावन्यानं गोड बोलून येळ मारून नेली असती," बाबा म्हणाले. "हा घरचा हाय. आन."

ह्यांनी तांब्या तोंडाला लावला. चेहरा पार वाकडा झाला, तरी तळापर्यंत प्यायले. त्यानंतर ह्यांच्यासाठी गोड्या पाण्याची घागर कधी आली नाही.