शून्य रुपयांचं कोटेशन

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं विचारलंत तर मी आबांचं नाव घेईन. आणि घेताना आजही थोडा चिडेन.

आबा नाशिकला, सातपूरच्या आमच्या कारखान्यात खरेदी विभागाचे प्रमुख होते. कुठलीही नवी वस्तू समोर ठेवली, की ते खुर्चीत मागे रेलत, दोन बोटांनी स्वतःच्याच शर्टाची कॉलर धरून किंचित वर ओढत आणि विचारत, "बंद पडलं, तर कॉलर कुणाची धरायची?" मग ते लेथ मशीन असो नाहीतर पाण्याचा कूलर. असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. तुम्ही घाईत असता आणि त्याला कधीच घाई नसते.

नव्वदचं दशक नुकतंच संपलं होतं. मी वणीच्या शाळेत मराठीतून शिकलेला, नाशिकला कॉम्प्युटरची पदवी घेतलेला, घरातला पहिला पदवीधर. वडील झेंडू आणि टोमॅटो लावत. कारखान्यात मला एका वर्षाच्या उमेदवारीवर घेतलं होतं. काम दिसलं तर कायम, नाहीतर परत घरी. मी कायम झालो की धाकट्या बहिणीला शिकायला नाशिकला आणायचं, असं घरी ठरलं होतं. त्यामुळे ती माझ्यापेक्षा जास्त दिवस मोजत होती.

काम मिळालं ते कारखान्याच्या ईमेलचं आणि वेबसाइटचं. तोवर सगळ्या कारखान्याला मिळून एकच फुकटची मेलपेटी होती, तीही टेलिफोनच्या तारेवरून कुईं-कुईं करत उघडायची. परदेशी गिऱ्हाइकानं पाठवलेली ड्रॉइंग्ज तिच्यात मावायची नाहीत, पेटी भरली म्हणून परत जायची. एक दिवस गिऱ्हाइकाचा थेट मालकांना फोन आला. मालकांनी मला बोलावून सांगितलं, "आपला स्वतःचा सर्व्हर बसव. कुठला ते तू ठरव. फक्त आबांची सही घे."

कुठला ते ठरवायला मला दोन दिवस लागले. सही घ्यायला चार महिने.

दोन रस्ते होते. एक विकतची यंत्रणा. तिच्यात प्रत्येक माणसाच्या मेलपेटीचा वेगळा परवाना घ्यायचा, माणसं वाढली की खर्च वाढला. दुसरी लिनक्स. ती फुकट, जुन्या कॉम्प्युटरवर चालणारी, मेल आणि वेबसाइट दोन्ही सांभाळणारी. मी ती अडगळीतल्या एका मशीनवर घालून तीन आठवडे चालवूनही पाहिली होती.

"कुठून आणलंस हे?" आबांनी विचारलं.

"मासिकाबरोबर सीडी आली होती."

"शाम्पूची पुडी येते तशी?"

"तशी नाही, आबा. जगभरातले लोक मिळून हे बनवतात."

"पगार कोण देतं त्यांना?"

"बरेचसे हौसेनं करतात."

आबांनी कॉलर धरली. "हौसेनं करणाऱ्याची कॉलर धरता येत नाही रे वणीकर. तीन कोटेशनं आण."

वणीकर हे माझं आडनाव नव्हे. पण आबांनी ठेवलेलं नाव कारखान्यात कुणी बदलत नसे.

मी हिंडलो. गंगापूर रोडच्या एका विक्रेत्यानं गुळगुळीत फोल्डर दिलं आणि कोल्ड कॉफी पाजली. दुसऱ्यानं महिनाभर खेटे घालायला लावले. दोघांकडेही विकतचीच यंत्रणा. तिसरं कोटेशन आणणार कुठून? शेवटी मीच टाइप केलं. 'सॉफ्टवेअरची किंमत : शून्य रुपये.'

आबांनी कागद उजेडात धरला. "इथला आकडा टाइप करायचा राहिलाय."

"नाही आबा, शून्यच आहे."

"शून्य ही किंमत नसते. बिल नसलेली वस्तू आपल्या गेटातून आत येत नाही."

"ती आलीये आत! तीन आठवडे चालू होती!"

"म्हणजे गेटपासशिवाय आणलीस?"

आणि खरोखर, त्या सीडीचा गेटपास करायला मला वॉचमनकडे पाठवलं. वॉचमननं वजन विचारलं.

मग आबा म्हणाले, मशीनबरोबर पुस्तक येतं, याचं पुस्तक कुठंय? मी चिडून साठ पानं मराठीत लिहिली. आबांनी ती लाल पेन घेऊन वाचली. समासात प्रश्न. 'वीज गेली तर आधी काय बंद करायचं?' 'हे तू आजारी असताना कोण करेल?' प्रश्न चुकीचे नव्हते, हेच जास्त लागायचं. तिकडे ड्रॉइंग्ज परत जातच होती आणि मालक माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करायला लागले होते. जेवणाच्या सुट्टीत मी डबा बाजूला ठेवून, कॉलर ओढून आबांची नक्कल करायचो. पोरं हसायची, पण सही होत नव्हती.

दिवाळीनंतर एका दुपारी आबांनी बोलावलं. समोर छापील फॉर्म होता, 'नवीन पुरवठादार नोंदणी'.

"नाव सांग. वडिलांचंही."

सांगितलं.

"कायमचा पत्ता?"

"मुक्काम पोस्ट वणी, तालुका दिंडोरी. आबा, हे कशाला?"

"कामगार किती?"

"चेष्टा करताय का?"

"कामगार किती?"

"एक."

"गोडाऊन आहे?"

माझं डोकं फिरलं. "आहे की. मानेवर."

त्यांनी न हसता लिहिलं, 'गोडाऊन : स्वतःचे.'

"पुरवठा किती वर्षं चालू ठेवणार?"

"तुम्ही म्हणाल तितकी. पण सही करा!"

त्यांनी 'पाच वर्षे' लिहिलं आणि माझी सही घेतली. मग तीन कोटेशनांच्या तक्त्यात, तिसऱ्या रकान्यात, पुरवठादाराच्या जागी माझं पूर्ण नाव घातलं आणि खाली स्वतःची सही केली. त्याच संध्याकाळी सर्व्हर सुरू झाला. ड्रॉइंग्ज पोचली. मला मात्र एकच कळत होतं, म्हाताऱ्यानं मला अडकवलं. आता काहीही बंद पडलं की कॉलर माझी. आणि तसंच झालं. चुलतभावाच्या हळदीला असो की दिवाळीला वणीत असो, आबांचा फोन यायचा, "वणीकर, तुझा माल बंद पडलाय."

पुढे दोन महिन्यांत मंदी आली. आम्ही सहा उमेदवार होतो. पाच जणांना घरी पाठवलं. मी राहिलो, वर्षअखेरीला कायमही झालो. घरी जाऊन सांगितलं, हुशारीवर टिकलो. वडील म्हणाले, "लय भारी. वळखीचं कुणी नाय, तरी ठेवलं तुला." धाकटी नाशिकला आली.

तीन वर्षांनी आबा निवृत्त झाले. कॅन्टीनमध्ये निरोप समारंभ होता. मला बोलायला लावलं. मी म्हणालो, "आबांनी लग्नाच्या वेळीही तीन कोटेशनं मागवली होती म्हणे. जी स्वस्त पडली ती पास केली." छप्पर उडेल इतके लोक हसले. आबांच्या पत्नी, आमच्या काकू, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. आबा सगळ्यांचं हसून झाल्यावर हसले. नंतर ते बडोद्याला मुलीकडे राहायला गेले. मी एक फोनही केला नाही.

परवा ऑफिस नव्या इमारतीत हलवताना कार्मिक विभागाच्या मॅडमनी एक फाइल पुढे केली. "हे तुझं बघ." मंदीच्या वेळची सहा उमेदवारांची यादी होती. सहाही नावांवर मालकांची लाल फुली. चौथं नाव माझं. त्याला टाचणीनं तो नोंदणीचा फॉर्म लावलेला आणि आबांच्या अक्षरात चिठ्ठी : 'क्रमांक चार हा उमेदवार नसून आपला पुरवठादार आहे. करार पाच वर्षांचा आहे. मध्येच सोडल्यास मेल बंद पडेल. त्याची जबाबदारी खरेदी विभाग घेणार नाही.'

"मालक केवढे भडकले होते तेव्हा," मॅडम म्हणाल्या. "असला करार कुणी करायला सांगितला, म्हणाले. आबा म्हणाले, नियमाप्रमाणे केलाय."

मी त्याच दिवशी पत्र टाकलं. ते असं :

तीर्थस्वरूप आबा,
साष्टांग नमस्कार.

फाइल पाहिली. लोखंडाची खरेदी कमी करा, असं मालकांनी तुम्हाला दिवाळीआधीच सांगितलं होतं, हेही मॅडमकडून कळलं. म्हणजे फॉर्म भरताना तुम्हाला मंदीचं माहीत होतं. मग मला सांगितलं का नाहीत? मी तुमची नक्कल करतो, हेही तुम्हाला ठाऊक होतं, असं वॉचमन म्हणाला. तरी काही बोलला नाहीत.

निरोपाच्या दिवशी मी जे बोललो, ते काकूंसमोर बोलायचं नव्हतं. आधी त्यांची माफी मागायची आहे, मग तुमची.

धाकटी आता सिव्हिलला नर्स आहे. तिला फाइलचं सांगितलं तर माझ्यावरच चिडली. म्हणाली, "आणि त्यांना तू लोकांत हसलास?"

येत्या रविवारी आम्ही दोघं बडोद्याला येतो आहोत. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मला मध्येच थांबवाल आणि माझं सांगायचं राहून जाईल. घरी नसलात तरी चालेल. आम्ही दाराशी बसून राहू.