चार हात दूर

दुसऱ्याच्या खोकल्याचा इतका खोल अभ्यास केलेला माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. गवयाला सूर कळावेत तसे सुजाताच्या बाबांना खोकले कळत. बिडीचा खोकला, धुळीचा खोकला, मिलमधल्या कापसाच्या भुरीचा खोकला, सून ऐकते आहे की नाही हे पाहायला सासूने काढलेला खोकला, असे त्यांनी प्रकार पाडले होते, आणि त्यातल्या निरुपद्रवी खोकल्यांना ते मोठ्या मनाने माफ करत. पण गल्लीच्या टोकाला कुणी छातीतून ओला खोकला काढला, की हातातला घास ताटात ठेवून ते उठत आणि खिडकी लावून घेत. "हा आपल्या गल्लीतला नाही," एवढंच म्हणत आणि पुन्हा जेवायला बसत. चौकशी केली तर खरोखरच कुणाकडे तरी पाहुणा आलेला निघायचा.

बांगलादेशच्या लढाईनंतरची ती वर्षं. नागपुरात इंदोऱ्याकडे आमची घरं समोरासमोर होती, मध्ये बैलगाडी जाईल एवढी गल्ली. मी शाळेत मास्तर, ते मिलमध्ये कताई खात्यात. मूळचा हा माणूस गर्दीला भिणारा मुळीच नव्हता. छप्पन साली दीक्षेच्या वेळी, ऐन तारुण्यात, त्या अफाट माणसांच्या दर्यात ते दिवसभर उभे राहिले होते, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा अजून उजळायचा. "गुरुजी, खांद्याले खांदा लागून होता. कोण कुठला माणूस, त्याच्या शिदोरीतली भाकर मी खाल्ली." त्याच माणसाने पुढे दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी पिणं सोडलं, त्याचं कारण सुजाता.

सुजाता त्यांची एकुलती एक मुलगी. चार-पाच वर्षांची होईतो ती सारखी आजारी असायची. हातपाय सुजायचे, हाडं दुखतात म्हणून रडायची, डोळे पिवळे व्हायचे. झाडपाला झाला, मालिश झाली, अंगारेधुपारे करू म्हणणाऱ्या मावशीला परत पाठवून झालं. शेवटी मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरने रक्त तपासून सांगितलं, हा सिकलसेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकून बसतात. हा मुळापासून बरा होत नाही. जपायचं. थंडीपासून, थकव्यापासून आणि सगळ्यांत जास्त दुसऱ्याच्या आजारापासून, कारण साधा ताप किंवा छातीचा आजारही हिला झेपणार नाही. त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होतो. त्यांनी विचारलं, "हे आलं कुठून?" डॉक्टर म्हणाला, "आईवडिलांच्या दोघांच्याही रक्तात अर्धं अर्धं असतं. त्यांना त्रास होत नाही. मुलात दोन्ही अर्धं एकत्र आलं की आजार होतो." सायकलवरून परतताना, कडबी चौकाजवळ आल्यावर ते म्हणाले, "रक्तातून द्याचं ते देऊन बसलो, गुरुजी. आता बाहेरचं काही तिले लागू देणार नाही."

आणि त्यांनी ते व्रतासारखं धरलं. त्यांच्या ओट्यावर पाण्याची बादली आणि साबणाची वडी ठेवलेली असायची. घरात येणाऱ्याने आधी हात धुवायचे. निवडणुकीत मतं मागायला आलेल्या उमेदवाराने हात जोडले, तर यांनी त्याला आधी ते जोडलेले हात धुवायला लावले. रामटेकहून त्यांचा सख्खा साळा लग्नाची पत्रिका घेऊन आला आणि ओट्यावर बसल्या बसल्या शिंकला. त्याला चहा, पोहे, पानसुपारी सगळं यथासांग मिळालं, पण ओट्यावरच. बिचारा दारातूनच बहिणीला आणि भाचीला पाहून परत गेला. एकदा तर सदरहून बसने येताना मागच्या बाकावर कुणी शिंकलं म्हणून हे बायकोमुलीला घेऊन मधेच उतरले आणि भर उन्हात मुलीला खांद्यावर घेऊन चालत घरी आले. सुजाताची आई घामाने निथळत ओट्यावर टेकली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "शिंकणारा कवाचा घरी जाऊन जेवला असन. आम्हीच मरून राहिलो."

पण त्यांचं खरं रूप दिसायचं ते दवाखान्यात. मुलीला आजारापासून वाचवायचं तर दवाखान्यात न्यायलाच हवं, आणि आजार तर सगळे तिथेच बाकावर बसलेले. लांबलचक व्हरांडा, फिनाइलचा वास, बाकावर गोवर आलेली पोरं, डांग्या खोकल्याने निळी पडणारी पोरं, त्यांच्या थकलेल्या आया. सुरुवातीला सुजाताचे बाबा तिला कडेवर घेऊन व्हरांड्याच्या तोंडाशी उभे राहत आणि एकेकाची चौकशी करत. तुम्हाले काय झालं, कवापासून, घरात आणखी कोणाले आहे का. एका म्हातारीने शेवटी विचारलं, "काहून गा बाप्पा, सोयरीक जमवून राहिला का?" त्यांनी शांतपणे सांगितलं, "नाही माय. कोणाजवळ बसायचं ते पाहून राहिलो." मग ते छत्री न्यायला लागले. भर व्हरांड्यात काळी छत्री उघडून तिच्या आड मुलीला घेऊन बसत, आणि खोकला ज्या बाजूने येईल त्या बाजूला छत्री फिरवत. येणारेजाणारे हसत. सुजाताही हसायची. तिला तो खेळच वाटायचा.

छत्रीनेही समाधान होईना, तेव्हा त्यांनी माझी नेमणूक केली. मोठं आवार होतं. व्हरांड्यापासून लांब, भिंतीकडे एक कडुनिंब होता. तपासणीच्या दिवशी मी आत बाकावर बसायचं, बापलेकीने झाडाखाली थांबायचं, आणि नंबर आला की मी खिडकीतून रुमाल हलवायचा. मग ते मुलीला उचलून, श्वास रोखायला सांगून, तीरासारखे डॉक्टरच्या खोलीत. पहिल्याच वेळी नर्सने "सुजाता" म्हणून पुकारा केला आणि मी, भरघोस मिशांचा, धोतर-कोटातला माणूस, लगबगीने उठून उभा राहिलो. नर्सने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही सुजाता?" सगळा व्हरांडा हसला. नंतर मात्र ती नर्सच आम्हाला सांभाळून घ्यायला लागली. "सुजाता आल्या का?" असं मला विचारायची.

शाळेत पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी मी हातपाय धुऊन तिला शिकवायला जायचो. फार चलाख पोरगी. बाराखडी तिने दोन आठवड्यांत उचलली, आणि पाढे म्हणताना मध्येच थांबून माझ्या गाण्यासारख्या आवाजाची नक्कल करायची. एकदा गेलो तर तिच्या चिंध्यांच्या बाहुल्या भिंतीशी मांडलेल्या, आणि एक एकटीच दाराशी. मी विचारलं, ही लांब का? "तिले सर्दी झाली," ती म्हणाली. "मग तिच्याशी कोण बोलतं?" ती विचारात पडली. "मी इथून बोलते ना मोठ्यानं." सुजाताच्या आईने चुलीपाशी हे ऐकलं. ती नवऱ्याला म्हणाली, "पोरीले एक मैत्रीण नाही. तुमच्या भीतीपायी तिले माणसाची सवयच नाही राहिली." ते उठून ओट्यावरच्या बादलीतलं पाणी बदलून आले.

सुजाता आठ वर्षांची असताना तिच्या बाबांना खोकला सुरू झाला. ज्यांनी साऱ्या गल्लीचे खोकले ओळखले, त्यांनी आपला खोकला मिलमधल्या भुरीचा म्हणून माफ करून टाकला. कताई खात्यात कोण खोकत नव्हतं? पण मग संध्याकाळचा ताप यायला लागला, सदरा खांद्यावरून लोंबायला लागला, आणि एक दिवस थुंकीत लाल दिसलं. छातीचा फोटो काढला. क्षय निघाला. निदान ऐकल्यावर त्यांनी डॉक्टरला एकच विचारलं, पोरीची तपासणी कधी करता. तिची तपासणी झाली, ती ठीक होती. त्या संध्याकाळी ते घरी गेलेच नाहीत. माझ्या दाराशी येऊन, चार हात दूर उभं राहून म्हणाले, "गुरुजी, तुमच्या मागच्या अंगणातली लाकडं ठेवायची टिनाची खोली मले पाहिजे."

मी लाकडं हलवली. इतरांना जे नियम त्यांनी लावले होते, त्याहून कडक त्यांनी स्वतःला लावले. भांडी वेगळी, बादली वेगळी, बायको जेवणाचं ताट पायरीवर ठेवून मागे सरकली की मगच ते दार उघडत. संध्याकाळी आमच्या ओट्याच्या टोकाला येऊन बसत. समोरच्या ओट्यावर सुजाता. मध्ये गल्ली. तिथून बापलेकीच्या गप्पा चालत, आणि त्या साऱ्या गल्लीला ऐकू जात.

"काय खाल्लं वं माय?"

"वरण-भात. बाबा, तुम्ही केव्हा येता?"

"खोकला गेला का येतो."

इंजेक्शनं, गोळ्या यांनी काही महिन्यांत खोकला गेला. अंगावर मांस चढायला लागलं. थुंकीत आता काही नाही, घरी राहायला हरकत नाही, असं डॉक्टरने सांगितलं. मी आनंदाने त्यांची वळकटी बांधायला घेतली, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "डॉक्टर सांगते गुरुजी. पण जंतूले कोण सांगन? पुरा कोर्स होऊ द्या." मी समजावलं, त्यांच्या बायकोने समजावलं, मिलमधले लोक येऊन गेले. ते हलले नाहीत. कामावर जायला लागले, चारचौघांत मिसळायला लागले, फक्त स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडत नव्हते.

आता सुजाताला दवाखान्यात तिची आई नेत असे. तिला ना छत्री उघडायला हात मोकळा, ना झाडाखाली थांबायला सवड. ती मुलीला घेऊन सरळ बाकावर बसायची. मुलीला केवढं नवल. आयुष्यात पहिल्यांदा ती अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसली. संध्याकाळी गल्लीपलीकडून तिच्या बातम्या सुरू व्हायच्या. उमरेडची एक मुलगी होती, तिलाही माझ्यासारखंच दुखतं. तिच्या वडिलांचा हातमाग आहे. आम्ही दोघी टाळ्यांचा खेळ खेळलो. एका आजीने मला फुटाणे दिले.

"खाल्ले?" समोरून आवाज यायचा.

"खाल्ले."

मग पुढचे काही दिवस ते, सकाळी उठल्याबरोबर तिच्या अंगाला हात लावून पाहा म्हणून बायकोला सांगत. पण सुजाताला काही झालं नाही. उलट तिचा चेहरा भरला होता. तिची आई मला म्हणाली, "पोरगी पहिल्यांदा पोरीसारखी दिसून राहिली."

ती थंडी मात्र वाईट पडली. एका सकाळी सुजाताच्या पोटात आणि छातीत कळ सुरू झाली आणि ती थांबेना. रिक्षात तिच्या आईने तिला धरलं, मी सायकलवर मागे, आणि माझ्याही मागे, अंतर राखून, तिचे बाबा. तिला भरती केलं, सलाइन लावलं, रक्त दिलं. ते दिवसभर त्या कडुनिंबाखाली उभे होते. दुपारी तिला जरा आराम पडला तेव्हा तिने मला विचारलं, "बाबा कुठं आहेत?"

"बाहेर. झाडाखाली."

तिने मान वळवून शेजारच्या खाटांकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "त्यांना आत बोलवा ना गुरुजी. म्हणा, इथं कोणीच खोकलून नाही राहिलं."

मी जाऊन तो निरोप तसाच सांगितला. ते नाकातोंडाला दुपट्टा बांधून आत आले आणि खाटेच्या पायथ्याशी थांबले. "जवळ या," ती म्हणाली. ते तिथेच उभे. तिची आई उठली, त्यांच्या दंडाला धरून तिने त्यांना उशाशी आणलं आणि स्टुलावर बसवलं. सुजाताने त्यांचा हात आपल्या गालाखाली ओढून घेतला आणि झोपी गेली. संध्याकाळ होईतो त्यांनी तो हात हलवला नाही. दुसऱ्या दिवशी, उजाडल्यावर, ती गेली.

सगळं झाल्यावर ते डॉक्टरसमोर उभे राहिले. रडत नव्हते. "साहेब, खरं सांगा. माझ्याकडून लागलं का तिले?" डॉक्टर म्हणाला, "नाही. कुणाकडूनच नाही. तिला ना क्षय होता, ना न्यूमोनिया. तिचं रक्तच पोटात अडकलं. तुम्ही काय, कुणीही थांबवू शकलं नसतं."

"म्हणजे माझ्याकडून काही लागलं नाही."

"नाही."

त्यांनी मान हलवली. मग व्हरांड्यात आले आणि माणसांनी खच्चून भरलेल्या बाकावर, दोघांच्या मध्ये जागा करून बसले. शेजारचा म्हातारा छाती फुटेल असा खोकत होता. यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली. मी बराच वेळ समोर उभा होतो. काल दुपारपर्यंत, वर्षभर ज्या हाताने मुलीला शिवलं नव्हतं, तो हात एका परक्या पाठीवरून वरखाली होत होता, आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

त्याच आठवड्यात ते आपल्या घरी राहायला गेले. टिनाची खोली धुऊन, माझी लाकडं होती तशी रचून दिली. पुढे क्षय पूर्ण बरा झाला. सुजाताबद्दल ते फारसं बोलत नसत. बोललेच तर इतकंच की शेवटी तिला बाहेरचं काही लागलं नव्हतं. हे सांगताना त्यांच्या आवाजात जे समाधान असे, ते ऐकवत नसे. पण ते हिरावून घेण्याचा अधिकार कुणाला होता?

बऱ्याच वर्षांनी माझ्या मुलीच्या मुलाचं बारसं आमच्या घरी झालं. ते आले, दाराशीच उभे राहिले, हातातलं झबलं माझ्या बायकोकडे दिलं आणि निघायच्या बेतात होते. सुजाताच्या आईने पाळण्यातून बाळ उचललं आणि त्यांच्या हातांत ठेवलं. त्यांचे दोन्ही हात अडकले. बाळ टकामका पाहत होतं. त्यांनी मान पार भिंतीकडे वळवली, ओठ गच्च मिटले, छाती वर येऊन तशीच थांबली.

"श्वास घ्या," त्यांची बायको हळूच म्हणाली.

त्यांनी घेतला. पण तोंड भिंतीकडेच ठेवून. आणि बाळाला मात्र छातीशी असं घट्ट धरलं होतं, की ते परत मागायला आमच्यापैकी कुणीच पुढे गेलं नाही.