काकू घाबरत नाहीत

आमच्या वरच्या मजल्यावरून दर रविवारी दुपारी किंकाळ्या ऐकू यायच्या. पहिल्यांदा मी टीव्हीचा आवाज वाढवला. मग एकदा झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. शेवटी एका रविवारी चपला सरकवल्या आणि तावातावाने वर गेले. अख्खी नोकरी शाळेत काढलेली बाई मी, आरडाओरडा करणाऱ्यांना गप्प कसं करायचं हे मला काय शिकवायचं! दार तिथे राहणाऱ्या मुलीनेच उघडलं. फिजिओथेरपी करते आणि एकटी भाड्याने राहते, एवढंच मला माहीत होतं. मागे टेबलाभोवती दोन मोठे घोडे फासे घेऊन बसले होते.

"काय चाललंय हे? कुणाचा खून पडलाय का?"

"हो काकू, आत्ताच पडला," ती म्हणाली. "बसता का? आम्हाला एक माणूस कमीच पडतोय."

भांडायला गेलेल्या माणसाला कुणी प्रेमाने बस म्हटलं की निम्मा राग तिथेच जातो. उरलेला चिवड्याने गेला.

खेळ म्हणजे खरं तर गोष्टच. मुलगी गोष्ट सांगणार, आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होणार. ती विचारते, "समोर जिना आहे, काय करता?" आपण सांगायचं, मी वर जाते किंवा मी पळते. यातले भीतीचे खेळ तिला फार आवडायचे. त्या दोघांपैकी एक बँकेत होता. दुसरा पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये, सहा फूट उंच, आणि ओरडायचा तो मुख्यतः हाच.

मी दर रविवारी जायला लागले. उगाच आढेवेढे कशाला घेऊ, मला दुसरं होतं काय? मिस्टर रेल्वेत होते. रिटायर झाल्यावर इगतपुरीचा पाऊस आता पुरे म्हणून आम्ही नाशिकला हा फ्लॅट घेतला, आणि भांडी नीट लावून होण्याआधीच ते गेले. सोमवार ते शनिवार माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे दूधवाला, आणि तोही पिशवी दाराला अडकवून जायचा. रविवारी मात्र चार तास मला कुणीतरी विचारायचं, "काकू, तुम्ही काय करता?"

हळूहळू मला खेळाखेळांतला फरक कळायला लागला. पहिला खेळ होता गुणांचा. काही भयंकर दिसलं की फासा टाकायचा आणि डोकं ठिकाणावर असण्याचे गुण कमी करायचे. शून्य झाले की तुमचा माणूस वेडा. मला हे बिलकूल पटलं नाही. भीती काय शुगरचा रिपोर्ट आहे? आकडा बघून माणूस काळजी करतो, घाबरत नाही. दुसरा खेळ लाकडी ठोकळ्यांच्या मनोऱ्याचा. काही अवघड करायचं असेल तर मनोऱ्यातून एक ठोकळा अलगद ओढायचा, आणि मनोरा ज्याच्या हातून पडेल त्याचा माणूस मेला. हा बरा. इथे गोष्ट कितीही टुकार असू दे, बोटं खरोखर थरथरतात. तिसऱ्यात खिडक्यांना चादरी लावून मेणबत्त्या पेटवायच्या आणि एकेक विझवत जायचं. शेवटची विझली की सगळेच मरणार, हे आधीपासून ठरलेलं. मला वाटलं, मग खेळायचं कशाला? पण गंमत बघा, सगळ्यांत जीव लावून आम्ही हाच खेळलो. मरायचंच आहे म्हटल्यावर बँकवाला गोष्टीतल्या आपल्या माणसासाठी भाकरीचा तुकडा राखून ठेवायला लागला.

पण मला भीती वाटायची नाही ती नाहीच. आमच्या घरात बुद्धवंदना व्हायची, भुताखेतांना थारा नव्हता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं म्हणून वडील आम्हाला अंधारात विहिरीवर पाठवायचे. त्यामुळे मुलगी कुजबुजत सांगायची, "तळघरात कुणीतरी श्वास घेतंय," आणि मी म्हणायचे, "दमा असेल बिचाऱ्याला." दोघं खो खो हसायचे. मला वाटायचं, वा, काय रंगत आणली आपण!

एका रविवारी बाकीचे गेल्यावर मुलीने मला थांबवलं. "काकू, राग मानू नका. तुम्ही घाबरत नाही ना, म्हणून बाकीच्यांची भीती उडते. हा खेळ चालतो तो सगळ्यांनी मिळून घाबरायचं ठरवलं तर. एकानं जरी नाही म्हटलं तर संपलं." मग ओढणीशी चाळा करत म्हणाली, "भीतीचा खेळ असेल त्या रविवारी तुम्ही... म्हणजे विश्रांती घेतली तरी चालेल."

विश्रांती! मला मेलीला सोमवार ते शनिवार दुसरं काय होतं? खाली येऊन मी रडले. मग तोंड धुतलं आणि ठरवलं, घाबरायचं. त्यात काय एवढं? आठवडाभर आरशासमोर "आई गं!" म्हणून छातीवर हात मारायचा सराव केला. भयंकर वाईट जमत होतं.

पुढच्या रविवारी न बोलावता गेले. मुलीने स्वतः रचलेला खेळ होता. फासे नाहीत, मनोरा नाही, मेणबत्त्या नाहीत. नियम एकच. प्रत्येकजण संध्याकाळी आपापल्या घरी परत येतो आणि घरात काहीतरी असतं. जो बाहेरूनच पळतो किंवा मदत मागतो तो खेळात राहतो. जो आत जातो तो संपला, त्याची खुर्ची रिकामी. दोघांची माणसं पळाली. मग ती माझ्याकडे वळली.

"काकू, तुम्ही शाळेतून घरी आलाय. कुलूप उघडं आहे. आत दिवा लागलाय. घरात कुणी असायला नको, पण स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येतोय. कुणीतरी गॅस पेटवतंय."

मी छातीवर हात नेला. "आई गं" तोंडात तयार होतं. आणि बाहेर काय पडलं?

"अहो, मलाही टाका अर्धा कप."

कुणी हसलं नाही. मुलीचा चेहरा पांढरा पडला. पण गोष्ट सांगणाऱ्याला थांबता येत नाही. ती अगदी हळू म्हणाली, "आतून आवाज येतो. 'आज उशीर केलास.'"

"हो ना," मी म्हटलं, "मीटिंग लांबली. तुम्ही खाल्लंत का काही?"

"काकू," पॅकहाउसवाला म्हणाला, "आत नका जाऊ. प्लीज."

"का? घर माझंय."

"पण आत कोण आहे ते माहीत नाही ना!"

"मी विचारणारच नाही. विचारलं तर जायचे उठून."

मुलीने डोळे पुसले. "काकू, आत जाता?"

आत गेलं की खुर्ची जाणार, हे मला ठाऊक होतं. याच खुर्चीसाठी आठवडाभर मी आरशासमोर माकडचेष्टा केल्या होत्या.

"जाते," मी म्हटलं.

 मग बँकवाला म्हणाला, "बाप रे, असं कधीच झालं नव्हतं." मुलीने माझा हात धरला. "काकू, पुढच्या रविवारी याच. दर रविवारी याच." मी हो म्हटलं. खुर्ची मिळाली होती, आणि मला आनंदही झाला होता, खोटं कशाला बोलू.

घरी येऊन टेकते न टेकते तोच कुणीतरी दार ठोठावलं. दारात पॅकहाउसवाला. वीज गेली होती आणि जिन्यात अंधार होता.

"काकू, हसू नका. गेटपर्यंत येता का सोबत? सारखं ते भांड्यांचं डोक्यात येतंय."

"अरे, एवढा मोठा घोडा तू," मी म्हटलं आणि मोबाइलचा टॉर्च लावून त्याच्याबरोबर उतरले. तो माझा पदर धरायचाच बाकी होता. गेटपाशी त्याने गाडीला किक मारली, "थँक्यू काकू" म्हणाला आणि गेला.

मग मी वर बघितलं. मला एकटीला त्या अंधारातून जाऊन दार उघडायचं होतं, आणि आत कुणी नाही हे मला पक्कं माहीत होतं. पाय उचलेना. वॉचमनच्या खुर्चीवर मी वीज येईपर्यंत बसून राहिले. वीज आली, तरी बसून राहिले.