कवळीमास्तरांची दातवाली बाहुली

कवळीमास्तर कुठल्याही शाळेत शिकवायला गेले नाहीत. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती, तिथे ते अडतीस वर्षं कवळ्या बनवत बसले. पुढच्या खोलीत डॉक्टर दात काढायचे, मागच्या खोलीत मास्तर दात घडवायचे. आमच्या गल्लीतले निम्मे म्हातारे जे हसतात, ते खरं म्हणजे मास्तरांच्या हातचं हसतात.

'मास्तर' ही पदवी मिळाली ती चुका काढण्याच्या खोडीमुळे. समोरून माणूस आला की हे आधी त्याच्या तोंडात बघणार, मग चेहऱ्याकडे. बसच्या रांगेत माझ्या कानाशी लागायचे, "त्या वकिलाचे वरचे चार बसवलेले आहेत. रंग चुकलाय. जरा पिवळे हवे होते, खोटं बोलणाऱ्याला इतके पांढरे शोभत नाहीत."

आणि त्यांचे स्वतःचे दात? तीच तर आमच्या गल्लीची तीस वर्षांची डोकेदुखी. सदुसष्टाव्या वर्षी माणसाच्या तोंडात इतकी शिस्त असते का? विचारलं की एकच उत्तर, "आईनं दिलेले." न्हावीबुवा म्हणायचे, "मी तीस वर्षं त्या गालावरून वस्तरा फिरवतोय. अस्सल आहेत." मी म्हणायचो, कवळी. शेवटी पैज लागली: हरेल त्यानं अर्धी मिशी उतरवायची. निकाल एकट्या मास्तरीणबाईंना ठाऊक होता. त्यांना मी दोनदा आडून आडून विचारून पाहिलं. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या तोंडात उरलेत ते सांभाळा." तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या, गुपित बरोबर घेऊन.

पुढे कवळ्या बनवणारं यंत्र आलं आणि मास्तर घरी बसले. घरी बसले म्हणजे सुनेच्या डोक्यावर बसले. मुलगा बिचारा मितभाषी, सकाळी कामावर गेला की संध्याकाळी उगवायचा. सून पोस्टात काउंटरवर बसते. ती घरी आली की मास्तरांची तपासणी सुरू. कपाटाची बिजागरी कुरकुरते, चादरीची घडी तिरकी आहे, साबणाची वडी एका बाजूनं झिजलीय. एकदा तर त्यांनी साबणाची वडी कानस मारून सारखी केली.

त्या दिवशी सून म्हणाली, "आबा, आता एक तर तुम्ही घराबाहेर पडा, नाहीतर मी पडते."

"मी कुठं पडू?"

"वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये बाहुल्या करायचा वर्ग आहे. मंगळवार आणि शुक्रवार. मी नाव घालून आलेय."

"बाहुल्या? मी?"

"तुमच्या हाताला काहीतरी बारीक काम हवंय. आमच्या घरात आता बारीक करण्यासारखं काही उरलं नाही."

वर्गात आठ बायका, शिकवणाऱ्या बाई आणि मास्तर. बाई सगळ्यांना कोरं कापड, कापूस आणि सुई द्यायच्या. धड कापायचं, उलटं शिवायचं, सुलटं करायचं, काडीनं कापूस ठासायचा. मास्तरांचा टाका पहिल्याच आठवड्यात असा बसला की बायकांच्या पोटात दुखायला लागलं. गडबड झाली ती चेहऱ्याशी. बाकीच्यांनी लाल दोऱ्याचा एक टाका घालून ओठ केले. मास्तरांनी तोंड उघडं ठेवलं, आत मेणाच्या गुलाबी हिरड्या बसवल्या आणि त्यात ओळीनं अठ्ठावीस दात. वर जबड्याला बिजागरी. बाहुलीनं 'आ' केला आणि शेजारच्या बाईंच्या हातातली सुई पडली.

"अगं बाई! ही चावेल!"

शिकवणाऱ्या बाई आल्या. "आजोबा, बाहुलीला दात नसतात."

"मग ती खाते कशी?"

"ती खात नाही."

"मग पोट कशाला दिलंय एवढं मोठं?"

बाईंनी बाहुली उचलली. तेव्हापासून त्या बाहुलीला कोपऱ्यातल्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून बसवायचा ठराव झाला. हे मला त्याच दिवशी दुपारी कळलं. कसं कळलं, ते विचारू नका.

अशात भिंगरीचं प्रकरण झालं. भिंगरी म्हणजे मास्तरांची नात, दुसरीत आहे. खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर, बाकी सगळीकडे भिंगरी. तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. रस्त्यानं चालताना दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायची, एकही सोडायची नाही. ती घसरगुंडीवरून तोंडावर आपटली. हलत होतेच, पण वरचे पुढचे दोन्ही एकदम गेले. दुसऱ्या दिवशी वर्गात धडा वाचायला उभी राहिली, तर प्रत्येक 'स'ला शिट्टी. वर्ग हसला आणि कुणीतरी म्हणालं, "बोळकी आजी!"

झालं. त्या दिवसापासून तोंडावर तळहात. पाट्या बंद, गप्पा बंद, घरात बोलायचं तेही ओठ न हलवता. बारा दिवसांनी शाळेतून चिठ्ठी आली: मुलगी प्रकट वाचन करत नाही, येत्या सोमवारच्या तोंडी परीक्षेतही वाचलं नाही तर कच्च्या मुलांच्या तुकडीत बसवावं लागेल.

सुनेनं चिठ्ठी टेबलावर आपटली. "कच्ची! जी पोर वर्तमानपत्र वाचते ती!"

"समजावून सांग तिला," मुलगा म्हणाला. महिन्यातलं ते त्याचं सर्वांत लांब वाक्य असावं.

"सांगितलं. शाळेतल्या बाईंनीही सांगितलं. ती ऐकते, मान हलवते आणि हात तोंडावरच."

मास्तरांनी चिठ्ठी उचलून दोनदा वाचली. दातांचा मामला म्हणजे आपलं खातं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं म्हणे. तीन दिवस खोलीचं दार लावून बसले आणि नातीसाठी बाहुली केली. केस लोकरीचे, झगा निळा आणि तोंडात असे काही दात की मोत्यांनी मान खाली घालावी. "बघ, तुझेसुद्धा असेच येणार," म्हणून त्यांनी ती भिंगरीच्या हातात दिली.

आता सांगा, जिच्या पानात काही नाही तिच्यापुढे कुणी दुसरीचं भरलेलं ताट धरतं का? पण अडतीस वर्षं ज्यानं गिऱ्हाइकाला आधी नमुना दाखवून धीर दिला, त्याला दुसरं काय सुचणार? भिंगरीनं बाहुलीकडे पाहिलं आणि ती दप्तरांच्या कपाटात, वह्यांच्या मागे, उताणी टाकून दिली.

मास्तर समोरच्या माझ्या ओट्यावर येऊन बसले. "चुकलं."

"मास्तर, तुमचं?" मी कान टवकारले. हा शब्द त्यांच्या तोंडून स्वतःबद्दल मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"माप चुकलं. माणूस न बघता कवळी केली."

घरी जाऊन त्यांनी बाहुली कपाटातून काढली आणि कोरणीनं तिचे वरचे पुढचे दोन दात काढून टाकले. डॉक्टरांचं काम त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केलं. हिरडी गुळगुळीत केली. या वेळी भिंगरीनं बाहुली घेतली. फटीत बोट घालून पाहिलं. मग तळहाताआडून म्हणाली, "हिला काय? हिला शाळेत जायचं नसतं."

"पण तुझ्यासारखीच आहे ना?"

"आबा, तुला सगळे आहेत. तू नको सांगूस."

एवढं बोलून ती आत गेली. मास्तर बाहुली घेऊन परत माझ्या ओट्यावर आले; मी तिथून सगळं ऐकलंच होतं. मी म्हटलं, "पोर मुद्द्याचं बोलली." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा आणायच्या निमित्तानं उठलो.

रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये वर्गाचं प्रदर्शन होतं. लांब टेबलावर पांढरी चादर, त्यावर नऊ जणांच्या बाहुल्या. सगळ्या टाक्याएवढं हसणाऱ्या, एकट्या मास्तरांच्या बाहुलीचं तोंड उघडं; फळीवरची सोडून त्यांनी भिंगरीची, दोन दात काढलेलीच मांडली होती. शिकवणाऱ्या बाईंनी तिला शेवटच्या टोकाला, फुलदाणीच्या आडोशाला ठेवलं होतं. मुलगा, सून आणि भिंगरी आले. न्हावीबुवा दुकान बंद ठेवून आले. मी तर दार उघडायच्या आधीपासून होतो. गर्दी असेल तिथे बातमी असते.

एक जाड्या चष्म्याच्या बाई बाहुल्या बघत बघत टोकापर्यंत आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अय्या, ही बघा, बोळकी!" आणि खो खो हसल्या. त्यांचं काही चुकलं नाही, त्या बाहुलीलाच हसत होत्या. पण भिंगरी टेबलाजवळ उभी होती. तिचा एक हात तोंडावर होताच, दुसराही गेला. ती टेबलावरच्या चादरीखाली शिरायला लागली. सून पुढे झाली.

"थांब," मास्तर म्हणाले.

त्यांनी खिशातून रुमाल काढला. मला वाटलं, डोळे पुसणार. ते भिंगरीसमोर गुडघ्यांवर बसले, अंगठा तोंडात घातला आणि वरच्या बाजूला जरा दाब दिला. 'टक्' असा आवाज झाला. अख्खी वरची ओळ, एका दमात, रुमालावर. ती त्यांनी बाहुलीच्या पायाशी ठेवली आणि उघड्या तोंडानं हसले. वर नुसती गुलाबी हिरडी, खाली दात.

"शांग आता," मास्तर म्हणाले, "कोन बोळकं?"

  मास्तरांचा मुलगा, चाळीस वर्षांचा, जन्मापासून त्याच घरात राहिलेला, आ वासून बघत होता. त्याचे मात्र सगळे होते. न्हावीबुवांनी आपल्या मिशीला हात लावला.  माणसाला विजय पचवता आला पाहिजे. मी फक्त त्यांच्याकडे बघून दोन बोटांची कात्री करून दाखवली.

भिंगरी चादरीखालून अर्धी बाहेर आली. आधी आबांच्या तोंडात पाहिलं, मग रुमालावर, मग परत तोंडात.

"आबा! तुझे तर माझ्याहून जास्त गेले!"

दोन्ही हात खाली. 'जास्त'मधल्या 'स'ला शिट्टी वाजली, ती सगळ्यांनी ऐकली.

"शगळे," मास्तर म्हणाले.

"परत म्हण!"

"शगळेच्या शगळे."

आणि मग ती जी हसली, त्यात चष्म्याच्या बाई हसल्या, सून रडत रडत हसली. शिकवणाऱ्या बाईंनी फुलदाणी उचलून बाजूला ठेवली.

कवळी परत बसवून मास्तर घरी निघाले, तसा मी त्यांच्या बरोबरीनं चाललो. तीस वर्षं थांबलेला माणूस मोकळ्या हातानं परतेल का? त्यांनी सांगितलं ते असं. तेविसाव्या वर्षी सायकलवरून पडून वरच्या दातांची फळी गेली. कवळीवाल्यानं महिनाभर चकरा मारायला लावल्या. बसल्या बसल्या ते काम बघत राहिले, आणि तिथेच नोकरीला लागले. हातून झालेली पहिली कवळी स्वतःची. लग्नाची बोलणी चालू होती, म्हणून तोंडातलं तोंडातच ठेवलं.

"आणि वहिनी?"

"चौथ्या दिवशी कळलं तिला. म्हणाली, वाटलंच होतं, इतके सरळ दात देव देत नाही."

"मग पुढं तरी सांगायचं होतं की!"

"एकदा आईनं दिलेले म्हटल्यावर आईला खोटं कसं पाडायचं?" आणि गल्लीच्या वळणाशी, "गिऱ्हाइकांना रोज सांगायचो, लाजायचं काय त्यात. स्वतः मात्र दार लावून घासत होतो."

सोमवारी तोंडी परीक्षा झाली. धड्यात 'स' ठासून भरलेले होते. वर्ग हसला तशी भिंगरी थांबली, म्हणाली, "माझ्या आबांना वरचा एकपण नाही," आणि पुढची ओळ वाचली. पक्क्या तुकडीतच राहिली. न्हावीबुवांनी अर्धी मिशी उतरवली, पण दोन दिवसांत उरलेली अर्धीही गेली, कारण गिऱ्हाइकं आरशात स्वतःला सोडून त्यांनाच बघायला लागली. मास्तरांची कवळी आता न्हाणीघराच्या फळीवर, सगळ्यांच्या ब्रशांशेजारी, पेल्यात असते.

चार महिन्यांनी भिंगरीचा एक दात डोकावला. ती तडक बाहुली घेऊन आली. "आबा, हिलाही लाव. एकच. डावा."

मास्तरांनी दात घेतला, घासला, बसवायला गेले.

"असा नाही. माझा बघ ना कसा आलाय!"

त्यांनी खिडकीपाशी नेऊन तिचं तोंड उघडून पाहिलं. मी ओट्यावरून बघत होतो. दात तिरका आला होता, चांगला शेजाऱ्याच्या अंगावर रेललेला. मी वाट बघत होतो, आता मास्तर चूक काढणार.  त्यांनी चष्मा सारखा केला, मेण जरासं गरम केलं आणि अडतीस वर्षं ज्या हातानं जगाचे दात सरळ केले, त्या हातानं बाहुलीचा दात तिरका बसवला. पहिल्यांदा कमी तिरका झाला. भिंगरीनं नापास केला. त्यांनी काढून पुन्हा बसवला.