नथ्थूआबांनी शिवलेला लोड

रावेरकडच्या केळीपट्ट्यात नथ्थूआबांना ओळखत नाही असा माणूस मिळायचा नाही, आणि ओळखतात ते त्यांच्या तिरसटपणासाठी. बागेत आलेल्या व्यापाऱ्यानं चपलेनं पाट तुडवला, म्हणून तोडणीला आलेला घड झाडावर तसाच ठेवून त्याला वाटेला लावणारा हा माणूस. बोलणं मोजकं, तेही जास्त करून झाडांशी. बायको, मंदाबाई, गेली तेव्हापासून घरात त्यांचा आवाज म्हणजे नुसतं खाकरणं. अशा घरात धुळ्याची कामिनी सून म्हणून आली. नवरा जितेंद्र स्वभावानं गोड, पण केळीची गाडी घेऊन दिल्लीकडे गेला की आठवडा आठवडा तोंड दिसायचं नाही. मग घरात राहिले कोण, तर सासरा, सून आणि गोठ्यातली म्हैस.

आबांच्या पिढीत सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नसे. आता हे कोण पाळतं? आबा पाळत. काही सांगायचं असलं की ते म्हशीकडे तोंड करून सांगायचे, "आज कढी झाली तर बरं होईन." कामिनी आतून भांड्याला सांगायची की ताक आहे, होईल कढी. सुरुवातीला तिला हसू यायचं. पुढे सवय झाली.

कामिनीला दिवस गेले आणि सगळं गाव आनंदलं. पोट दिसायला लागलं तशी तिची झोप मात्र उडाली. उताणं झोपावं तर दम लागतो, कुशीवर झोपावं तर कंबर भरून येते, आणि जेवण घशाशी येतं ते वेगळंच. बाळाला तर आई आडवी झाली की खेळायची हुक्की यायची. त्याची लाथ बसली की दुखणं विसरून ती पोटावर हात ठेवून गप्प पडून राहायची. आपल्या आत आपल्याला न विचारता दुसरं कोणी कूस बदलतंय, या गोष्टीचं तिला इतकं नवल वाटायचं, की ते कोणाला तरी सांगावं असं होई. सांगणार कोणाला? आई ती शाळेत असतानाच गेलेली.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. शेजारच्या प्रमिलाबाई म्हणजे आबांच्या चुलत वहिनी, त्यांनी तर पाचव्या महिन्यातच ठरवून टाकलं होतं. ज्या घरात बाईमाणूस नाही तिथं बाळंतीण ठेवायची म्हणजे काय खेळ आहे का, असं त्या येता-जाता ऐकवत. सातव्यात ओटी भरायची आणि भावानं येऊन घेऊन जायचं. आता कामिनीचं माहेर म्हणजे धुळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. तिथं भाऊ ललित, वहिनी दिपमाला आणि तिचं अंगावर पिणारं बाळ. वहिनी वाईट नव्हती, पण स्वतःच अर्धी झोपेत चालायची. कामिनीला तिथं जायचं नव्हतं. पण माहेरी जायचं नाही असं कोणती मुलगी म्हणते? लोक म्हणतील, भावाशी बिनसलं असणार. आणि इथं राहा, असं एकानंही म्हटलं नव्हतं. तेवढं एक वाक्य ऐकायला तिचे कान टवकारलेले असायचे.

एकदा जितेंद्र गाडीवर असताना तपासणीची तारीख आली, म्हणून आबाच तिला रिक्षानं फैजपूरला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. सगळं ठीक होतं. बाईंनी कामिनीला समजावलं की डाव्या कुशीवर झोपावं, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवावी, पोटाखालीही आधार द्यावा, एकदम पोटभर न जेवता थोडं थोडं खावं, आणि चेहरा सुजला, डोकं फार दुखलं किंवा बाळाचं हलणं कमी वाटलं तर वाट न बघता यावं. आबा दाराशी भिंतीकडे तोंड करून उभे होते. आधार हा शब्द ऐकल्याबरोबर ते वळले. निसवलेल्या, घडानं वाकलेल्या केळीला टेका कुठं द्यायचा यात ज्याचा जन्म गेला, त्याला हा शब्द दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही. त्यांनी बाईंना विचारलं, उशी नेमकी कशी ठेवायची ते दाखवता का? बाईही अशा भल्या, की आपणच तपासायच्या पलंगावर आडव्या झाल्या आणि उशी गुडघ्यांत धरून दाखवलं. आबांनी मान तिरकी करून करून सगळं बघून घेतलं. कामिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि तिथून हा माणूस जो सुटला! दुसऱ्याच दिवशी प्रमिलाबाईंच्या ओट्यावर बायका पापड लाटत बसल्या होत्या, तिथं जाऊन सरळ विचारलं, की पोटुशी बाई झोपते कशी. बायकांनी पदर तोंडात कोंबले. एक तर लाटणं टाकून घरात पळाली. आबा ढिम्म हलले नाहीत, उत्तर मिळेपर्यंत तिथंच उकिडवे बसून राहिले. त्यांनी जेवणातला ठेचा बंद केला, का तर वासानं सुनेची जीभ चाळवेल आणि रात्रभर छातीत जळजळेल. खानदेशातल्या माणसानं ठेचा सोडला, ही बातमी पारावर दोन दिवस पुरली.

पण पहिला घोळ त्यांनी केलाच. केळीवाल्याच्या घरात मऊ म्हणून काय असतं, तर केळीचा वाळलेला पाला. राखणीच्या खोपीत आबा वर्षानुवर्षं त्यावरच झोपलेले. त्यांनी निवडून निवडून पाला आणला, पोत्यात ठासून भरला आणि दाराशी ठेवून खाकरले. कामिनीनं ते पोतं गुडघ्यांत घेतलं मात्र, कूस बदलली की असा खडखडाट, जणू बागेत डुक्कर शिरलंय. तिची झोप गेलीच, ओट्यावर आबांचीही गेली. एकदा तर ते काठी घेऊन उठले. सकाळी पोतं गोठ्यात गेलं आणि त्यावर दोघांनीही अवाक्षर काढलं नाही.

मग आबांनी कापूस काढला. जिनिंगला न घातलेला, घरापुरता ठेवलेला. भरदिवसा ओट्यावर बसून बोटांनी सरकी वेगळी करायला लागले. हे काम बायकांचं, म्हाताऱ्या बायकांचं. येणारा-जाणारा थांबायचा, आबा, देवाच्या वाती करता का म्हणायचा. आबा हो म्हणायचे आणि पुढचं बोंड घ्यायचे. एरवी कोणी असं छेडलं असतं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. मंदाबाईचं धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं पातळ ट्रंकेतून निघालं. त्याची खोळ आबांनी पोती शिवायच्या दाभणानंच शिवली. टाके असे, की लांबून मोजून घ्यावेत.

लोड झाला. माणसाएवढा लांब. पण कामिनीला तो लगेच मिळाला नाही. दुपारी ती पाणी प्यायला उठली आणि दाराच्या फटीतून तिला जे दिसलं, ते ती जन्मात विसरायची नाही. आबांनी गव्हाची एक पिशवी उपरण्यानं पोटाशी करकचून बांधली होती आणि खाटेवर डाव्या कुशीला पडून तो लोड गुडघ्यांत घेतला होता. थोडं खाली सरकवून बघत, थोडं वर. मग पोटाखाली एक टोक दुमडून बघितलं. डोळे मिटून पडले, पुन्हा उघडले, पुन्हा काहीतरी बदललं. पांढऱ्या मिशांचा, ज्याच्यासमोर गडीमाणसं चळचळा कापतात असा हा माणूस, पोट बांधून आडवा. हसू येईल म्हणून कामिनीनं तोंडावर हात दाबला, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणीच आलं. आईनं तरी आपल्यासाठी हे केलं असतं का? माया केली असती, पाय चेपले असते. पण पोट बांधून नसतं बघितलं.

आबा खाटेचा कठडा धरून, कमरेवर हात ठेवून, कण्हत उठले. पिशवी सोडली. म्हशीजवळ जाऊन कितीतरी वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "घटकाभरात मले दम लागला वं. ह्या बाया नऊ महिने कशा काढत असतीन?"

ते उत्तरासाठी थांबल्यासारखे उभे राहिले. कामिनी दाराआड श्वास रोखून होती. त्या घटकेला आबा जेवढे थक्क झाले होते, तेवढीच तीही झाली होती, आणि पोटातलं पोरही न हलता ऐकत असावं असं तिला वाटलं.

लोडानं जादू केली असं कोणी समजू नये. कंबर दुखायचीच, रात्री उठावं लागायचंच. पण मधल्या वेळात डोळा लागायला लागला. पातळाच्या मऊ कापडावर गाल टेकला की कामिनीला अंग सैल सोडता यायचं. तिचं तिलाच नवल वाटायचं.

ओटी भरली. भाऊ यायचा दिवस ठरला. त्या सकाळी कामिनी उठून बघते तो आबांनी लोडाची सुतळीनं गुंडाळी करून ती तिच्या बॅगेवर नीट बांधून ठेवलेली. म्हणजे आबाही आपल्याला पाठवणारच. ती कशीबशी चार घास जेवली आणि भाऊ येईपर्यंत जरा पडावं म्हणून आत गेली. जाता जाता रागानंच सुतळी सोडली आणि लोड ओढून घेतला. पडल्या पडल्या झोप लागली.

जाग आली ती ओट्यावरच्या आवाजानं. ललित आला होता. "ताई कोठे शे?" त्यानं विचारलं. मागोमाग प्रमिलाबाईंच्या बांगड्या वाजल्या. झोपली आहे, उठवते, उन्हं कलायच्या आत निघालेलं बरं, असं म्हणत त्या दाराकडे यायला लागल्या.

"वहिनी, उठवू नोका तिले," आबा म्हणाले. आवाज खालचा होता, पण व्यापाऱ्याला परत पाठवतानाचा होता. बांगड्या जागच्या जागी थांबल्या.

मग ललितच हळूहळू बोलायला लागला. तिसऱ्या मजल्याच्या जिन्याचं त्यालाही कळत होतं. दिपमालाची रात्र कशी जाते तेही तो लपवत नव्हता. पण आई नाही म्हणून भावानं अंग काढून घेतलं असं उद्या कोणी म्हणायला नको, म्हणून तो आला होता. कामिनीला उठून त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण आता आबा बोलणार हे तिला त्यांच्या खाकरण्यावरून कळलं.

"ललितभाऊ, माहेरचा हक्क हाये तुमचा. तो मी कोन्या तोंडानं अडवू, म्हणून आजवर गप्प राह्यलो. बॅगही मीच बांधली." ते थांबले. "पण पाहा ना, कशी झोपेल हाये. इथं लागते तिले झोप. राहू द्या माह्याजवळ. मले जे येत नाही, ते मी शिकीन."

ललितनं नाक ओढल्याचा आवाज आला. प्रमिलाबाई म्हणाल्या, की बाळंतिणीच्या शेकशेगडीचं मी बघते, त्यात तुमचं काम नाही. आणि मग आबा उठले. त्यांच्या पावलांचा आवाज अंगणात नाही गेला, तो आला स्वयंपाकघरात. डबा उघडला, दुसरा उघडला, साखर सापडेना. गॅस पेटला. पातेलं हातातून सुटून एकदा गॅसच्या ओट्यावर आपटलं आणि लगेच, कोणी झोपलंय हे आठवून, सगळं चिडीचूप झालं.

भाऊ आलाय. सासरा चहा करतोय. सून म्हणून आल्यापासून असं कधी घडलं नव्हतं. कामिनीनं डाव्या कुशीवर लोड जवळ ओढला, डोळे मिटले, आणि ती उठली नाही.