डब्यात ठेवलेला आवाज

रविवारी सकाळी नानांनी, माझ्या वडिलांनी, पाटी माझ्यासमोर धरली. पाटीवर लिहिलं होतं, "माझा आवाज ऐकव."

सुरतेच्या डॉक्टरांनी घशाच्या कॅन्सरसाठी नानांचं स्वरयंत्र काढलं, त्याला तीन महिने झाले होते. तेव्हापासून ते पाटीवर लिहूनच बोलतात. ऑपरेशनच्या आधी महिनाभर रोज संध्याकाळी मी त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं, पण ते ऐकायचं नाव त्यांनी कधी काढलं नव्हतं. मला एकदम बरं वाटलं. टीव्ही लावला, घरच्या सर्व्हरवरचा त्यांचा फोल्डर उघडला. फोल्डर रिकामा होता.

मी तो बंद करून पुन्हा उघडला. टीव्ही बंद करून चालू केला. नाना पडद्याकडे बघत सरसावून बसले होते. "नेट गयं, नाना," मी म्हणालो. घरातल्या त्या डब्याला, म्हणजे सर्व्हरला, नेट लागतच नाही, पण एवढं त्यांना ठाऊक नव्हतं.

आम्ही कोरीटला राहतो. नोकरी तळोद्याला, मोटरसायकलने जाऊन-येऊन. संगणकाचं वेड मला कॉलेजपासून, आणि ते समजावून सांगत बसायची खोडही तेव्हापासूनच. जुन्या संगणकात दोन मोठ्या हार्ड डिस्क घालून मी बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी हा सर्व्हर मांडला. सगळ्यांच्या फोनमधले फोटो, व्हिडिओ तिथे जमा व्हायचे. पण त्या जुन्या डिस्क भारी मंद. मग त्यांच्यापुढे एक एसएसडी, म्हणजे छोटी वेगवान डिस्क बसवली, कॅशे म्हणून, तात्पुरत्या साठ्याला. आपण मिरचीची पोती आधी ओट्यावर उतरवतो आणि सवडीने आत कोठीत नेतो, तसंच. येईल ते झटकन एसएसडीवर उतरायचं आणि आठवड्यातून एकदा, बुधवारी दुपारी दोनला, आपोआप मोठ्या डिस्कवर जायचं. गंमत म्हणजे पडद्यावर फोल्डर एकच दिसतो. माल ओट्यावर आहे की कोठीत, हे बघणाऱ्याला कळत नाही. मलाही कळलं नाही. एसएसडी एकच लावू नकोस, जोडी लाव, असं वाचलेलं होतं. पण मी मोठा शहाणा.

रेकॉर्डिंगला नाना आधी तयारच नव्हते. "मन्हा आवाज कसाले ठेवी ऱ्हायना? मी काय पुढारी शे?" असं म्हणून त्यांनी फोन बाजूला सारला होता. दोन दिवसांनी आपणहून खाटेवर येऊन बसले. मग थांबेचनात. कोणत्या शेताला काय म्हणतात, बांधावरचं चिंचेचं झाड कुणी लावलं, खांडबाऱ्याच्या बाजारातून आणलेली बैलजोडी वाटेत कशी अडून बसली. बैलांना हाक मारायचे ती हाकही त्यांनी मारून दाखवली आणि गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. मधेमधे खोकला यायचा. मी तो कापला नाही. फोन भरला की रेकॉर्डिंग सर्व्हरवर टाकायचं, तिथे ते वाजतं की नाही हे बघायचं आणि फोनमधून पुसायचं, असा माझा शिरस्ता. प्रत्येक रेकॉर्डिंग मी वाजवून बघितलं होतं. ते एसएसडीवरून वाजत होतं, एवढंच बघायचं राहिलं.

आवाज गेला त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिची कल्पना मी केली नव्हती. नाना जन्मभर अहिराणी बोलले. पण लिहायला शिकले ते शाळेत, त्यामुळे पाटीवर त्यांची मराठी पुस्तकी येते. "मला चहा हवा आहे." आमच्या घरात असं कधी कुणी बोललंच नव्हतं. पाटी वाचताना मला कुणी पाहुणा आल्यासारखं वाटतं. माझे नाना त्या रेकॉर्डिंगमध्येच होते.

त्या रविवारी मी डबा उघडला. एसएसडी मेली होती, दुसऱ्या संगणकाला जोडली तरी ओळख देत नव्हती. तरी मला धीर होता, कारण मोठ्या डिस्क ठणठणीत होत्या. त्या तपासल्या. होळीपर्यंतचं सगळं होतं, मुलांचे नाचसुद्धा. होळीनंतरची एकही फाइल नव्हती. सर्व्हरची नोंद काढली. होळीपर्यंत दर बुधवारी दोनची ओळ होती. त्यानंतर एकाही बुधवारी नव्हती. त्याऐवजी, आम्ही सुरतेला असताना मेन स्विच पाडून घर बंद ठेवलं होतं ते दिवस सोडले, तर जवळजवळ रोज चारच्या सुमाराला एकच ओळ होती, सर्व्हर सुरू झाल्याची. रोज दुपारी कुणीतरी त्याचा श्वास कोंडत होतं आणि चारला सोडत होतं. 

धक्क्याच्या मागोमाग मला राग आला, तो माझा स्वभावच. आधी वीजवाल्यांना शिव्या घातल्या, मग इन्व्हर्टरला. मग बायकोला विचारलं. ती दुपारी शेतात असते, मुलं शाळेत. "मी त्याले हातबी लायेल नही," ती माझ्याकडे डोळे वटारून म्हणाली. सर्व्हर मधेच बंद पडतोय याच्या खुणा मला दोन-तीनदा दिसल्या होत्या. दुपारची वीज जात असेल, म्हणून मी त्या सोडून दिल्या होत्या. नानांना विचारायचं मनातही आलं नाही. जो माणूस मोबाइललाही हात लावत नाही, तो सर्व्हरला काय करणार?

एसएसडी घेऊन सुरतेला गेलो. तिथल्या डेटा काढून देणाऱ्या माणसाने दोन दिवस ठेवून घेतली आणि मान हलवून परत दिली. एकाएकी वीज तुटणं अशा स्वस्त एसएसडीला सोसत नाही, असं तो म्हणाला. येताना गाडीत मी खिडकीकडे तोंड करून रडलो. बहिणीला फोन करून विचारलं, तुझ्याकडे नानांचं काही आहे का. नव्हतं. नानांचं फोनवरचं बोलणं म्हणजे "हां" आणि "ठेव".

दोन आठवडे मी नानांना थापा मारल्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण मी घरी आलो की ते टीव्हीकडे एकदा बघायचे. शेवटी मलाच सहन होईना. एका संध्याकाळी खाटेजवळ बसून सांगून टाकलं, "नाना, तो डबा जळना. तुमना आवाज गया. मन्ही चूक शे."

 नाना पाटी मांडीवर घेऊन लिहायला लागले. बरंच लिहीत होते. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार, आणि खरं सांगायचं तर तेच मला हवं होतं. त्यांनी पाटी माझ्याकडे वळवली.

"तुझी चूक नाही. तो डबा उन्हाळ्यात फार तापत होता. विहिरीवरची मोटार दुपारी बंद ठेवतो, तसा मी बटण बंद करून त्याला रोज एक ते चार विसावा दिला. तू येण्यापूर्वी चालू करत होतो. तरी जळाला. मला वाईट वाटते."

मी पाटी दोनदा वाचली.  ओरडावंसं वाटलं आणि त्यांचे पाय धरावेसे वाटले, दोन्ही एकाच वेळी. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. डब्याची काळजी घेण्यात आपण कमी पडलो का, एवढंच त्यांना माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं.

"तुम्ही विसावा दिधा म्हनीसन तो इतला दिन चालना, नाना," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी बाहीने पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, "नवीन आण. त्याच्याकडेही मी लक्ष ठेवीन."