तिरफळांशिवाय बांगडा

डबा उघडला की परबबाई आधी तो निर्मलाच्या नाकाखाली धरायच्या. "काय कमी पडलां, सांग गो." निर्मला नुसत्या वासावरून सांगायची, "मीठ," नाहीतर "कोकम." मग दोघी भांडायच्या आणि बाकीच्या आम्ही जेवायचो.

मुलांनो, ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीला औषधांच्या एका कंपनीत मी टायपिस्ट होते. परबबाई पॅकिंग खात्याच्या मुकादम. ठेंगण्या, मालवणच्या, आणि आवाज असा की मशीन चालू असतानाही गेटवर ऐकू जाई. निर्मला त्यांच्याच खात्यातली, त्यांच्याच गावची.

एकदा निर्मला कामावर यायची बंद झाली. डॉक्टर म्हणाले, डिप्रेशन. औषध सुरू झालं, पण दिवसभर ती दार लावून बसायची. साहेबांनी मला सांगितलं, "पुढच्या आठवड्यात आली नाही तर नोटीस टाइप करा. नोकरी गेली समजा."

"कागद चढवू नको मशीनवर," परबबाई मला म्हणाल्या. "डबा घे नि चल."

निर्मला कंपनीच्या मागच्याच चाळीत राहायची. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्या तिच्या दारासमोर डबे उघडून बसलो.

"दार उघडू नको गो!" परबबाई ओरडल्या. "तुका येवक जमणा नाय, म्हणान आमी इलंव. आमका बसाक सावली होयी, बाकी काय नको."

दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशीही. माझ्या डब्यात बापडी बटाट्याची भाजी, परबबाईंच्या डब्यात बांगड्याचं तिखलं, दाट झणझणीत कालवण.

"आज तिरफळां घालूक इसारलंय," त्यांनी मोठ्यांदा जाहीर केलं. "पण तरी बरां लागता!"

आत काहीतरी सरकलं. दार बोटभर उघडलं.

"तिरफळांशिवाय बांगडा?" निर्मला. केस विस्कटलेले, आवाज बसलेला. "आणि तो बरा लागतो? मालवणचं नाव तरी घेऊ नका!"

"खाऊन बघ, मग भांड."

ती उंबऱ्यावर बसली. पहिल्याच घासाला थांबली. तिरफळं होती, चांगली ठसठशीत, जिभेला झिणझिण्या आणणारी. ती परबबाईंकडे बघत राहिली आणि मग हसली. फार नाही, पण हसली.

त्याच दुपारी परबबाई साहेबांपुढे उभ्या. "साहेब, मशीन बंद पडलं की मेकॅनिक बोलावता ना? मशीनला नोटीस देता काय?" साहेबांना हसू आवरेना. नोटीस टळली. निर्मला आधी अर्धा दिवस येऊ लागली, पुढे पूर्ण. तरी एखाद्या दिवशी तिला अंथरुणातून उठवतच नसे. त्या दिवशी कुणी काही विचारायचं नाही, डबे उचलून चाळीत जायचं.

परबबाई निवृत्त झाल्या आणि वर्षभरात त्यांचे यजमान गेले. त्यांनीही दार लावून घेतलं. कुणी हाक मारली तर ओ देईनात. निर्मला मला घेऊन गेली, त्यांच्या दारासमोर बसली आणि डबा उघडून ओरडली,

"परबबाई, आज मी बांगड्यात टोमॅटो घातलाय!"



"शिरा पडो तुज्या तोंडार!" आतून आवाज आला, आणि कडी वाजली.